दान कोणी म्हणावे?

परोपकाराचे निरूपण निघाले की कीर्तनकाराला नदी आठवतेच. नदी आपले पाणी आपण पीत नाही. काठावर कोण आला, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे विचारीत नाही. येईल त्याची तहान भागवते आणि पुढे जाते. दृष्टांत जुना आहे, खरा आहे आणि ऐकणाऱ्याला गोड लागतो. मीही तो पुष्कळ वर्षे दिला. परंतु कोयनानगरच्या बाजूला एका सप्ताहात तो दिला, तेव्हा एका वृद्ध माळकऱ्याने मला असा प्रश्न विचारला की त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तो प्रश्न, आणि पुढे त्यावर जे उत्तर सापडले ते, वाचक संतसज्जनांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

झाले ते असे. कीर्तनात मी म्हणालो, "या कोयनामाईचे पाणी येथे अडले, त्याची वीज झाली आणि महाराष्ट्राची घरे उजळली. या खोऱ्यातल्या लोकांनी आपली गावेच्या गावे दिली. केवढे हे दान! केवढा हा त्याग!" मंडळींनी माना डोलावल्या, टाळ वाजले. कीर्तन आटोपले, बुक्का लागला, पंगती उठल्या. तेव्हा पंचाहत्तरीच्या घरातला एक म्हातारा हळूच शेजारी येऊन बसला. गळ्यात माळ, कपाळी गोपीचंदन. एकमेकांच्या पाया पडून झाले.

"महाराज, कीर्तन झ्याक झालं. पर येक इचारू का?"

"विचारा की बाबा."

"तुमी म्हनलासा, आमी गाव दान दिलं. पानी परड्यापतोर आलं तरी माझा बा उंबऱ्यावरनं उठंना. चुलत्यानं हाताला धरून उठवला त्येला. मी नऊ-धा वर्सांचा व्हतो, मला समदं आठवतंय. त्येला दान म्हनायचं व्हय?"

मी म्हणालो, "बाबा, तुमच्या वडिलांनी..." आणि पुढे शब्द सुचेना. तासभर ज्या तोंडाने परोपकार सांगितला, ते तोंड तिथेच मिटले.

या प्रश्नाचा विचार करण्याआधी ही नदी कोणती आणि तिचे काय झाले, हे नीट समजून घ्यावे.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच बहिणींचे पाणी एका गोमुखातून पडते, हे आपणापैकी अनेकांनी पाहिले असेल. पैकी सावित्री कोकणात उतरून पश्चिम समुद्राला मिळते. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेच्या कुशीत शिरते. कोयनेची चाल मात्र वेगळी. घाटमाथ्यावरच्या बहुतेक नद्या उगम पावल्याबरोबर पूर्वेची वाट धरतात. ही सुमारे 65 किलोमीटर सरळ दक्षिणेकडे जाते. एका हाताला सह्याद्रीची मुख्य रांग, दुसऱ्या हाताला बामणोलीची रांग, आणि मधून ही. प्रतापगडाच्या पायथ्याची जावळी हिच्याच खोऱ्यातली. वासोट्याचा किल्ला हिच्याच वरच्या रानात उभा. हेळवाकला आली की ही एकाएकी पूर्वेला वळते, पाटणवरून खाली उतरते आणि सुमारे 130 किलोमीटरांचा प्रवास संपवून कऱ्हाडला कृष्णेला भेटते. तिथे या दोन्ही बहिणी समोरासमोर येऊन गळ्यात पडतात, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात.

पुढची गोष्ट वारकऱ्याने विशेष ध्यानात घ्यावी. कृष्णा पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी करीत कर्नाटकात जाते आणि रायचूरच्या बाजूला तिला भीमा मिळते. भीमा म्हणजे आपली चंद्रभागा. म्हणजे महाबळेश्वरी निघालेली कोयना फार लांबच्या वाटेने का होईना, चंद्रभागेच्याच भेटीला निघालेली असते. तीही एक वारकरीणच म्हणा ना!

आता धरणाची हकिकत. हेळवाकजवळ, देशमुखवाडीच्या ठिकाणी, या नदीला बांध घालण्यात आला. उंची 103 मीटर, लांबी 800 मीटरांहून थोडी अधिक. आज त्यात सुमारे 105 टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्या जलाशयाला शिवसागर म्हणतात आणि त्याचा फुगवटा पार तापोळ्यापर्यंत जातो. हे पाणी डोंगराखालच्या बोगद्याने पश्चिमेकडे वळवले आहे. घाटाखाली पोफळीला, डोंगराच्या पोटात कोरलेल्या वीजघरात ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते. 1962 साली पहिली वीज निघाली. पुढे टप्प्याटप्प्याने काम वाढत जाऊन आज सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1960 मेगावॉट आहे. वीज करून झालेले पाणी वाशिष्ठी नदीत पडते, चिपळूणवरून समुद्राला जाते. कृष्णेच्या पाणीतंट्यात लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी पाणी असे पश्चिमेला नेण्यास मुभा दिली. ज्या पाण्याला चंद्रभागेची भेट घडायची, त्यातला मोठा भाग आता घाट उतरून सागराला जातो. त्याबद्दल आपण दुःख करू नये. कोणाच्या घरात दिवा लावून पाणी गेले, तर ते वाया गेले असे कोण म्हणेल? पाण्याची ही सेवाच झाली. विठोबाच्या दाराशी न पोचताही सेवा होते, हे आपल्या संतांनीच आपल्याला शिकवले आहे.

परंतु पाण्याखाली माणसे होती. शंभराच्या आसपास गावांना झळ लागली. कोणी साताऱ्याच्या पूर्वभागात गेले, कोणी सांगली-सोलापूरकडच्या माळांवर, कोणी घाट उतरून कोकणात. भाताची ओली खाचरे करणारी माणसे ज्वारीच्या कोरड्या रानात जाऊन बसली. कित्येकांनी खोरे सोडलेच नाही. ते पाण्याच्या वर डोंगराच्या उतारावर सरकले. आजही त्यांतल्या कित्येक वस्त्यांना बाजाराला, दवाखान्याला जायचे तर लाँचचा आधार घ्यावा लागतो. धरणात पाणी साठू लागले त्या वेळी प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात नव्हता. तो 1976 साली झाला. पुढे 1985 साली याच खोऱ्यात अभयारण्य झाले आणि 2010 साली व्याघ्रप्रकल्प. रान राखणे हेही पुण्यकर्मच. पण पुन्हा उठण्याची पाळी आली ती याच खोऱ्यातल्या माणसांवर. 2018 सालीदेखील कोयनानगरला धरणग्रस्त आपल्या मागण्यांसाठी ठिय्या देऊन बसले होते. पहिला दिवा लागून छप्पन्न वर्षे झाली होती!

असो. दुसऱ्या दिवशी काकड्याला म्हातारा हजर होता. आरती झाल्यावर मीच त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "बाबा, रात्री तुमच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. मी चुकलो."

तो हसला. म्हणाला, "चुकायचं काय त्यात? आवं, म्या सोडलं आता. लई वर्सं मनात जाळ व्हता. मग येका वारीला वाळवंटात उभा ऱ्हायलो, आन् म्हनलं, इठ्ठला, माझं घर, माझं खाचार, माझा आंबा, समदं तुझ्या पायाशी. त्या दिशी सुटलं. पर ते म्या सोडलं तवा सुटलं. दुसऱ्यानं म्हनून न्हाई. आन् सोडलं ते माझ्या वाटणीचं. पोराच्या वाटणीचं सोडाया मी कोन? त्येला अजून जिमिनीचा कागद मिळायचाय."

सज्जनहो, हे ऐकले आणि मला देहूचा इंद्रायणीकाठ आठवला.

तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट वारकऱ्याच्या घरच्या पोरालाही ठाऊक असते. कीर्तनात ती आपण नेहमी ऐकतो आणि वैराग्याचा महिमा म्हणून सांगतो. परंतु त्या गोष्टीतला एक बारकावा आपल्या हातून निसटतो. तुकोबांनी सगळी खते बुडवली नाहीत. आधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले. एक वाटा धाकटे बंधू कान्होबांच्या हाती दिला. उरलेला आपला वाटा तेवढा नदीत सोडला. कान्होबा प्रपंची होते, त्यांच्यामागे घरदार होते. तुकोबांना वैराग्य झाले म्हणून त्यांनी कान्होबांना परस्पर विरक्त करून टाकले नाही. एवढ्या मोठ्या महात्म्याने सख्ख्या भावाच्या वाट्याचा त्याग केला नाही, मग आपण कोण लागून गेलो की शंभर गावांच्या वाट्याचा त्याग एका कीर्तनात करून टाकावा?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खते कोणी बुडवली? ज्याचे येणे होते त्याने. ज्याचे देणे होते त्या कुळाने ती उचलून नदीत टाकली असती तर त्याला आपण संत म्हटले असते काय? इंद्रायणीत कागद बुडाले ते धनकोच्या हाताने. कोयनेत घरे बुडाली ती धनकोचीच, परंतु ऋणकोच्या सोयीसाठी. आणि वर ऋणकोनेच उठून म्हणायचे, 'वा, काय तुझा त्याग!' त्याग हा शब्द देणाऱ्याच्या तोंडी शोभतो. घेणाऱ्याच्या तोंडी तोच शब्द आला की त्याचा अर्थ 'माझे देणे फिटले' असा होतो. घेणाऱ्याने म्हणायचा शब्द एकच आहे: ऋण.

त्यागासारखाच आणखी एक शब्द आपण फार सैल सोडला आहे. तो म्हणजे प्रारब्ध. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे, काकड्याच्या वेळेला, कोयनानगरला मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, हजारो जखमी झाली, घरे भुईसपाट झाली. जलाशयात साठलेल्या पाण्यामुळे जमिनीच्या पोटातला दाब बदलतो आणि आधीच ताणलेले खडक सरकतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. धरणामुळे होणाऱ्या भूकंपाचे उदाहरण म्हणून कोयनेचे नाव जगभर घेतले जाते. आपल्याकडे मात्र कोणी म्हणाले, नदी कोपली. कोणी म्हणाले, ज्याचे त्याचे प्रारब्ध. नदी कोपली म्हणावे तर ती कोपली कोणावर? झोपेत सापडली ती तिच्याच काठची गरीब माणसे आणि धरणावर राबणारी कामगारांची पोरेबाळे. ज्या घरांत दिवे लागले ती घरे दूर होती. आपली माउली असा आंधळा न्याय करीत नाही. आणि प्रारब्ध म्हणाल, तर तो शब्द ज्याने त्याने आपल्या दुःखाला लावावा. त्याने धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखाला लावला की त्याने आपल्याला फक्त झोप येते. म्हाताऱ्याने 'म्या सोडलं' म्हटले त्यात वैराग्य आहे. 'त्याचे नशीब' असे मी म्हटले तर त्यात आळस आहे.

आता कोणी अशी शंका काढील की, महाराज, तुमचे म्हणणे धरणच नको असे दिसते. पाच-पन्नास हजारांचे गेले आणि कोट्यवधींना उजेड मिळाला, यात वाईट ते काय? अनेकांच्या कल्याणासाठी थोड्यांनी सोसावे, हाच तर धर्म.

या शंकेचे समाधान मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या चरित्रात आहे. दुष्काळात माणसे तडफडू लागली तेव्हा दामाजींनी सरकारी कोठारे उघडली आणि धान्य लुटवले. ते धान्य त्यांचे नव्हते, बादशहाचे होते. तरीही आपण त्यांना संत म्हणतो, कारण भुकेल्याच्या तोंडी घास घालणे हे मोठेच कर्म. परंतु गोष्ट तिथे संपत नाही. अनेकांची पोटे भरली म्हणून धान्याचे देणे मिटले नाही. दामाजी शिक्षा भोगायला बेदरला निघाले. आणि त्यांच्या आधी विठू पाडेवाराचे रूप घेऊन प्रत्यक्ष पांडुरंग दरबारात गेला, त्याने पैन् पै मोजून दिली आणि पावती घेतली. देवाला काय अवघड होते? बादशहाची बुद्धी फिरवली असती की काम झाले असते. पण देवानेदेखील हिशेब चुकता केला. कल्याण केले म्हणून कर्ज बुडत नाही, असा त्या चरित्राचा अर्थ मला लागतो. धरण झाले ते चांगले झाले. हा लेखही मी विजेच्या दिव्याखालीच लिहितो आहे. प्रश्न एवढाच आहे की पावती कुठे आहे?

दुसरा म्हणेल, पण घेतले ते सरकारने. आम्ही साधी माणसे, आमचा काय संबंध? बाबांनो, दिवा आपल्या घरात लागतो ना? गिरणीचा पट्टा फिरला, कारखान्याचा भोंगा वाजला, पिठाची चक्की घरघरली, त्यात त्या पाण्याचा वाटा होता ना? आणि एक ध्यानात घ्या. याच पाटण-जावळीची माणसे मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारपेठांत पाठीवर पोती वाहत होती. माथाडी कामगारांचा कायदा झाला तो 1969 साली. तोवर त्यांच्या कष्टाला ना मोजमाप, ना आधार. बापाचे घर पाण्यात, आणि त्या पाण्याच्या उजेडात मुलाच्या पाठीवर ओझे. अशा माणसाला आपण ओळखले नाही, तर आपली माळ आपल्याला काय म्हणेल? दिवा ज्याच्या घरी, हिशेब त्याच्या दारी.

मग वारकऱ्याने करावे काय? कायदा करणे आपल्या हाती नाही, जमीन वाटणे आपल्या हाती नाही. पण जे हाती आहे तेही थोडे नाही.

पहिले म्हणजे, वाणी शुद्ध करावी. कीर्तनकारांनी आणि प्रवचनकारांनी धरणाचा दृष्टांत देताना दान आणि त्याग हे शब्द जपून वापरावेत. मी तर सोडूनच दिले आहेत. नदीला दान म्हणतो. गावांना ऋण म्हणतो.

दुसरे, आपल्या गावाशेजारी धरणातून उठून आलेली वस्ती असेल तर तिला आपली म्हणावी. साठ वर्षे एका पाणवठ्यावर पाणी भरूनही त्यांना 'धरणवाले' म्हणून हाक मारली जाते, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. जुन्या गावी ज्यांच्याकडे पालखीचा मान होता, देवाची सासनकाठी होती, ते नव्या गावच्या यात्रेत कडेला उभे राहतात. जमीन मिळेल, घर मिळेल, पण हा मान कोणती कचेरी देणार? तो गावानेच द्यायचा असतो. सप्ताहात एक दिवस वीणा त्यांच्या गळ्यात घाला, पालखीला एक खांदा त्यांचा लागू द्या. विठोबाच्या दारी पाहुणा कोणी नाही, असे आपण म्हणतो; ते करून दाखवायचे.

तिसरे, जमिनीच्या कागदासाठी तो दारोदार फिरत असेल, तर त्याच्याबरोबर एक हेलपाटा आपणही घालावा. अर्ज लिहिता येत असेल तर लिहून द्यावा. ती पायपीटही वारीच्याच हिशेबात धरली जाईल, असा माझा विश्वास आहे.

सप्ताहाचा काला झाला. निघताना म्हाताऱ्याला विचारले, "बाबा, मी तुमच्यासाठी काय करू?"

तो बराच वेळ शिवसागराच्या अंगाला पाहत राहिला. मग म्हणाला, "काय नगं. वारीला दिंडीत माझं नाव लिवता नव्हं? त्याच्याम्होरं ह्या गावाचं नाव लिवा. आता ऱ्हातो त्येचं नगं. उन्हाळ्यात पानी हटलं की देवळाचा चौथरा दिसतो अजून. जागा हाय तिथंच. नाव तेवढं कुनी घेत न्हाई."

मी दिंडीच्या वहीत ते नाव लिहिले. येथे ते मुद्दाम देत नाही. एक नाव छापले तर बाकीची सारी गावे पुन्हा बुडाल्यासारखी होतील. त्यापेक्षा पुढच्या वारीला आपल्या दिंडीत कोणी कोयनाकाठचा असेल, तर ज्याने त्याने त्याला विचारावे, "माउली, मूळचे गाव कोणते?" तो सांगेल. ते ऐकून घ्यावे आणि त्याच्या पाया पडावे. तो आपला धनको आहे.

आणि आपल्या वाट्याचे तो जेव्हा विठोबाच्या पायाशी सोडील, तेव्हा त्याला दान म्हणू. तोपर्यंत नाही.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!